फर्मानाच्या आधी

गावात ख्रिस्ती घर एकच, शांतवन गुरुजींचं. एकसष्ट साली त्यांनी उमरखेडची बदली तिसऱ्यांदा रद्द करून आणली, तेव्हा गुणवंतराव पाटील कौतुकानं म्हणाले, "गुरुजी, आमच्या गावाचा लयच लळा लागला बा तुमाले!"

त्या दिवशी सातवीला इतिहासाचा तास होता.

"फ्रान्सच्या राजानं शेवटी फर्मान काढलं," गुरुजी सांगत होते, "अन् तिथल्या प्रोटेस्टंट लोकांना आपली माणसं उजळ माथ्यानं पुरायची मुभा मिळाली."

बाबूसिंगची पोरगी जमनी उभी राहिली. "मंग त्याच्या आंदी कुठं पुरत होते, गुरुजी?"

"घरातच," गुरुजी बोलून गेले.

"पन हे तं पुस्तकात नाई!"

गुरुजी फळ्याकडे वळले आणि कोराच फळा पुसत राहिले.

शाळा सुटल्यावर ते घरी आले तेव्हा करुणाबाई शेणाचा गोळा घेऊन चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांच्या तान्ह्या लेकराला पाटलांनी गावच्या मसणात जागा नाकारली, त्या गोष्टीला चार वर्षं झाली होती.



चुलीजवळची ती हातभर जमीन करुणाबाई रोजच्यासारखी सारवत होत्या, थोपटून निजवावं तशा हलक्या हातानं.