पट्टेवाला

खडकांतल्या माशांचं काम बघतात त्या मॅडम कुठे भेटतील, असं बाईंनी मत्स्यालयाच्या तिकीटखिडकीत विचारलं. तिकीटवाल्याने डावीकडचा जिना दाखवला.

जिना चढताना बाई दोनदा थांबल्या. गुडघ्यांचं निमित्त होतं. पाच वर्षांपूर्वी बाजारात भेटलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीने सांगितलं होतं की आपली टिकली मत्स्यालयात लागली, समुद्राकाठच्या डबक्यांतले मासे सांभाळते. तेव्हापासून बाई दर महिन्याला निघायचं ठरवत आणि घरीच राहत. कधी दात दुखायचा, कधी भाचीचं बाळंतपण निघायचं.

वर पस्तिशीतली एक जण टाकीची काच पुसत होती. टाकीत खडक होते, आणि एका कपारीत बोटभर लांबीचा, काळ्या पट्ट्यांचा मासा.

"टिकली?" बाई म्हणाल्या. "मी तुझी शास्त्राची बाई."

तिने फडकं खाली ठेवलं. मग तिने खुर्ची पुढे ओढली.

"बसा बाई. लांबून आलात?"

बाई बसल्या नाहीत. बसलं तर धीर सुटेल असं त्यांना वाटलं. त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं, जणू समोरचीला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

सहलीला गेल्यावर ओहोटीच्या डबक्यातून वर्गासाठी एक मासा आणला होता. अंगावरच्या पट्ट्यांमुळे मुलींनी त्याचं नाव पट्टेवाला ठेवलं. शाळेचे खरे पट्टेवाले म्हणजे टिकलीचे वडील. ते हसून म्हणायचे, आता शाळेत दोन पट्टेवाले झाले, पण थाट याचाच. दिवसभर पाण्यात पडून असतो आणि घंटाही वाजवत नाही. प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडे असे. सकाळी टिकली आत जाऊन माशाला खायला घाली.

एका सोमवारी काचपेटीत मासा नव्हता. त्याच आठवड्यात शाळेची तपासणी होती. बाईंचा तोल गेला. किल्ली कुणाकडे असते, असं त्यांनी सगळ्या वर्गाला विचारलं, आणि टिकलीचं दप्तर तिच्या वडिलांनाच सगळ्यांदेखत उलटं करायला लावलं. वह्या पडल्या, डबा पडला, एक तुटकी फणी पडली. मासा काही निघाला नाही.

"तरी मी म्हणाले," बाईंचा आवाज इतका खाली गेला की तिला पुढे वाकावं लागलं, "शिपायाच्या पोरीला जवळ केलं की असंच व्हायचं."

वडिलांनी एकेक वही पुसून दप्तरात भरली होती. आठवड्याने त्यांनी किल्ल्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवल्या आणि बिऱ्हाड हलवलं.

"मग?" तिने हळूच विचारलं.

मग सहा वर्षांनी रंगकामासाठी प्रयोगशाळेतलं कपाट सरकवलं. त्याच्यामागे मासा पडला होता, वाळून काडी झालेला. डबक्यातलं पाणी तापलं की हा मासा उडी मारून शेजारच्या डबक्यात जातो, असं त्याच कपाटातल्या पुस्तकात लिहिलेलं होतं. पेटीवरचं झाकण लावायला आदल्या शनिवारी बाई स्वतःच विसरल्या होत्या. त्यांनी मासा कागदात गुंडाळला, कचऱ्यात टाकला आणि कुणापाशी अवाक्षर काढलं नाही.

"तेव्हा तुझे वडील होते," बाई म्हणाल्या. "मी पत्ताही मिळवला होता. पण पत्र काही लिहिलं नाही. नंतर ते गेल्याचं कळलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची जास्त लाज वाटते मला. तुला तोंड दाखवायची हिंमत व्हायला इतकी वर्षं लागली."

तिने टाकीकडे बघितलं. मासा कपारीतून बाहेर आला, काचेपाशी थांबला आणि मागे फिरला.

बाईंनी तिचा ओला हात दोन्ही हातांत धरला. "मी माफी मागायला आले गं. नाही दिलीस तरी मी काही म्हणणार नाही."

"दिली," ती म्हणाली. "आता मनात काही ठेवू नका."

बाई तेव्हा खुर्चीत बसल्या आणि पदरात तोंड घेऊन रडल्या. तिने त्यांना पाणी आणून दिलं. मग कोपराला धरून, एकेक पायरी थांबत तिने त्यांना खाली आणलं आणि बसमध्ये खिडकीजवळची जागा बघून बसवून दिलं. बस वळेपर्यंत बाई हात हलवत होत्या. त्यांचा चेहरा हलका झाला होता.

ती परत आली तेव्हा तिकीटवाल्याने विचारलं, "तुमच्या शाळेतल्या बाई का?"

"माझ्या नाही," ती म्हणाली. "माझ्या जागेवर आधी ज्या मॅडम होत्या ना, त्यांच्या. मॅडम वारल्याचं त्यांना कुणी कळवलेलं नाही."