हलकी सॅक

"पप्पा, दोघांचा सामान कित्याक? एकट्याक पुरात तितकाच घे," लेक समीक्षा उंबऱ्यातून म्हणाली. बायको चंद्रावती वारल्यावर कृष्णनाथ पहिल्यांदाच एकटे टेकडीवर तंबू टाकून राहायला निघाले होते. त्यांनी आपल्या सॅकमधून दुसरी बशी काढली, दुसरा चमचा काढला, दुसरं पांघरूणही काढून ठेवलं. दारामागे लटकणाऱ्या चंद्रावतीच्या सॅकला मात्र हात लावला नाही. हळर्णच्या किल्ल्यापलीकडचा चढ या वेळी दम न लागता संपला. पोरीचं ऐकलं ते बरं, सॅक हलकी झाली, असं ते स्वतःशीच म्हणाले. नेहमीच्या काजूखाली त्यांनी तंबूचं कापड पसरलं, कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या आणि मागे न बघताच हात मागे केला. "काठी दी गो." वाऱ्यानं कापड फुगलं आणि पुन्हा जमिनीला टेकलं. हात तसाच राहिला. तंबूचं कापड नेहमी त्यांच्या सॅकमध्ये असायचं, काठ्या तिच्या.