आवाज कुठे गेला

सकाळी दहापासून मुलगी वडिलांच्या टेबलाशी मान मोडून बसली होती. संगणक सुरू होता, पण बोलत नव्हता.

वडील वकील. दृष्टी जाऊन बारा वर्षं झाली तरी वकिली सुटली नव्हती. समोर काय लिहिलंय ते संगणक त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा आणि ते ऐकत ऐकत पुढे लिहायचे. रविवारपासून त्याची वाचाच बसली होती. तीन दिवस त्यांनी होईल आपोआप म्हणून वाट पाहिली आणि काल मुलीला फोन केला. एका शिवणकाम करणाऱ्या बाईला राहत्या घरातून काढायचा हुकूम झाला होता. त्यावरचं अपील अर्धं लिहून झालं होतं आणि आज शेवटची मुदत होती. चार वाजता कारकून कागद न्यायला येणार होता. आता दीड वाजला होता.

मुलगी एका मोठ्या कचेरीतले दोनशे सर्व्हर सांभाळायची. पण सर्व्हरला तोंड नसतं, त्यामुळे आवाजाच्या भानगडीत ती कधी पडली नव्हती. वडिलांच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स तिनेच घातलं होतं, आणि रविवारी येऊन त्याचं अपडेटही तिनेच केलं होतं. त्या अपडेटनेच घात केला, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. स्पीकर मोबाइलला लावून पाहिले, ठणठणीत होते. आवाजाची पट्टी पूर्ण वर होती. बोलणारा प्रोग्राम काढून पुन्हा घातला. अपडेटच्या आधीचं जुनं लिनक्स सुरू करून पाहिलं. तेही मुकंच.

मग ती इंटरनेटवर शोधत बसली. एक जण म्हणत होता ही फाइल उडवा, दुसरा म्हणत होता तिला चुकूनही हात लावू नका. अखेर अकरा वर्षांपूर्वीचा एक प्रश्न सापडला, शब्दन् शब्द तिचाच. खाली विचारणाऱ्यानेच लिहिलं होतं, ‘सुटला प्रश्न, सर्वांचे आभार.’ कसा सुटला, ते त्या शहाण्याने लिहिलंच नव्हतं. तिने माउस आपटला.

वडील खिडकीपाशी खुर्चीवर बसून होते. मघाशी एकदा, काही हाताला लागतंय का, असं त्यांनी विचारलं होतं. त्यावर ती जरा जास्तच तोडून बोलली होती. तुम्ही सांगा, मी टाइप करते, असंही ती म्हणाली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. लिहिलेलं कानावर पडल्याशिवाय त्यातली चूक त्यांना सापडायची नाही.

दोन वाजले तसे ते उठले आणि टेबलाच्या कडेला हात टेकून उभे राहिले.

“तो शेवटचा बोलला शनिवारी,” ते म्हणाले. आवाज कोर्टातला होता, शांत. “त्यानंतर या टेबलाला कोणाकोणाचा हात लागला?”

“माझाच. अपडेट केलं, सांगितलं ना बाबा.”

“अपडेट सोडून आणखी काय केलंस?”

“काही नाही. मॉनिटर बदलला.”

“कोणासाठी?”

जुना मॉनिटर बारका आणि पिवळट पडलेला होता. इथे दुरुस्तीला बसलं की तिचे डोळे दुखायचे, म्हणून तिने हा मोठा आणला होता. या घरात पडद्याकडे बघणारं तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

ती वाकली आणि टेबलामागची वायर हातात घेऊन बघत राहिली. जुनी वायर नुसतं चित्र न्यायची. ही नवी वायर चित्राबरोबर आवाजही नेत होती. संगणकाला वाटलं, आता बोलायचं ते मॉनिटरमधून. आणि या मॉनिटरला स्पीकरच नव्हते. चार दिवस तो बोलतच होता, पण जिथून ऐकू येणार नाही अशा ठिकाणी.

चार तास नुसती गाढवकी! तिने वायर उपसून काढली, पडदा काळा झाला. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला.

मिनिटभराने स्पीकरमधून आवाज फुटला. दगडी जिन्यावरून गोट्या सांडाव्यात तशी अक्षरं भराभर घरंगळत आली. तिला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. आता हेही बिघडलं, असं वाटून तिचा हात कळफलकाकडे गेला. पण वडील केव्हाच खुर्ची ओढून बसले होते आणि त्यांची बोटं चालू झाली होती. दोनदा ते थांबले, एक शब्द खोडला, दुसरा घातला.

“हे तुम्हाला कळतं?” तिने विचारलं.

“सातवा परिच्छेद वाचतोय. बाईंच्या घराचा.”

“इतक्या वेगात? कधीपासून?”

“झाली की सात-आठ वर्षं.” त्यांची बोटं थांबली नाहीत. “तुला कसं माहीत असणार? तू दुरुस्तीला बसलीस की आधी त्याला गप्प करतेस.”

ते चिडून बोलले नव्हते, म्हणून तिला ते जास्त लागलं. कारकून यायला पावणेदोन तास होते आणि तिच्या हातात आता काही काम नव्हतं. तिने पिशवी उचलली. मग ती परत खाली ठेवली आणि स्टूल ओढून वडिलांच्या शेजारी बसली.

“त्याला तो सातवा पुन्हा वाचू द्या,” ती म्हणाली. “माझ्यासाठी जरा हळू.”