दिनकर सरांची चौथी नोकरी

"काकू, काकांच्या पगाराचे 'फॉर्म १६' तीन नाहीत, चार आहेत," करसल्लागार मृण्मयी पडद्याकडे बघत म्हणाली.

नलिनीताईंनी पिशवीतले कागद पुन्हा मोजले. नवरा, दिनकर सर, जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या मेंदूची संगणकावर उतरवलेली प्रत तीन क्लासमध्ये गणित शिकवायची आणि सगळा पगार एकत्रच नलिनीताईंच्या खात्यात यायचा.

"चौथी कुठली? मेल्यावरसुद्धा न विचारता शिकवण्या धरतात की काय हे?"

"शिकवणी नाही. कामाच्या रकान्यात 'गप्पा' लिहिलंय. पगार देणारी मालक, शलाका दिनकर करमळकर, नाशिक."

नलिनीताई पडद्याकडे वाकल्या. शलाका त्यांची मुलगी. बाबांची प्रत घरी आणूया, असं ती सर गेले तेव्हा म्हणाली होती. त्यांनीच दटावलं होतं, "रडत बसशील. घरात नको."

"चारही पगार एकत्र दाखवावे लागतील, काकू. दाखवू ना?"

"दाखव. त्यात वेळ लिहिलीय का?"

"दर रविवारी, सकाळी दहा ते बारा."

नलिनीताईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"रविवारी सकाळी तिचा फोन लागत नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, झोपली असेल."