उलटा सेल

आमच्या ह्यांची एक सवय होती. टॉर्च ठेवताना एक सेल उलटा घालायचे. चुकून बटण दाबलं गेलं तरी सेल संपू नये म्हणून. काटकसरीचा भारी नाद. दोन वर्षांपूर्वी ते गेले, टॉर्च माझ्याकडे राहिली.

हल्ली रोज संध्याकाळी लाइट जाते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, अंधारात त्यांचा जीव घाबरा होतो. "कौसल्या, उजेड आण वं!" मी बटण दाबते, टॉर्च लागत नाही. उघडून बघते तर एक सेल उलटा. सरळ करते. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटा. दुकानदाराने चांगल्यातले, महागाचे सेल दिले. त्यांचंही तेच.

आज दिवसभर टॉर्च कमरेला खोचून कामं केली. लाइट गेली. बटण दाबलं, लागली नाही. स्वयंपाकघरातच मी खाली बसले, अंधारात चाचपून दोन्ही सेल काढले आणि मांडीवर ठेवले.

"पुरे करा न आता," मी म्हटलं. "थकली मी."

आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "कौसल्या, टॉर्च जराशी बाजूला धर वं. डोळ्यावर येऊन राहिली."