जवळचा नंबर

"आता हे वाचा," म्हणत डॉक्टरांनी हातात कार्ड दिलं.

गुणमालाबाईंनी ते हातभर लांब धरलं. मग हात आणखी ताणला. अक्षरं काही जागेवर येईनात.

"माझा हात आखूड पडतोय बघा," त्या म्हणाल्या.

डॉक्टर हसले. "लांबचं बऱ्यापैकी दिसतंय. जवळचा नंबर मोठा आहे. दोष जुनाच, वयानं उघडा पडला. पण इतकी वर्षं चालवलंत, मग आताच का आलात?"

सांगलीपासून जवळच त्यांचं गाव. तिथं यंदा एका दिगंबर महाराजांचा चातुर्मास होता. महाराज दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेत. त्यात केस किंवा किडा निघाला की अंतराय. ओंजळ सोडून बसायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. बाईंच्या घरी दोनदा तसं झालं होतं. दोन्ही वेळा भातात केस. बाईंना तो दिसलाही नव्हता. सुनेनं, प्राचीनं, झटकन उचलून टाकला होता.

"आवं, भात वाढता का केसं पेरता?" शेजारच्या राजमतीकाकू सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या.

हे सगळं सोबत आलेल्या प्राचीनंच डॉक्टरांना थोडक्यात सांगितलं.

"महाराज लय वाळल्यात वो," बाई मधेच म्हणाल्या. "लांबनंसुदीक बरगड्या दिसत्यात. परत माझ्या हातनं उपास घडाय नको."

डॉक्टरांनी उपाय सांगितले. थेंबांनी हा दोष जात नाही. लेसरचा या वयात उपयोग नाही. डोळ्यात बसवायची लेन्स रोज काढायची-घालायची, ते जमायचं नाही. मोतीबिंदू धरू लागलाय, तेव्हा ऑपरेशन करून आत नवी लेन्स घालता येईल. नाहीतर साधा चष्मा.

"ऑपरेशनच करूया आत्ती," प्राची म्हणाली. "चष्मा घामानं घसरतोय. चुलीपुढं मी हाय की."

"त्यानंतर काही दिवस धूर, पाणी टाळायचं," डॉक्टर म्हणाले. "घरी आणखी कोण आहे? मुलगा?"

"फिरतीवर असत्यात," प्राचीनं सांगितलं.

डॉक्टरांनी मान डोलावली.

"धूर टाळायचा तर चौक्यात, महाराजांच्या सैपाकाला, कशी जाऊ?" बाई म्हणाल्या. "चातुर्मास सरंल तवर. चष्माच द्या."

परतीच्या एसटीत प्राची खिडकीबाहेर बघत राहिली. बाईंना वाटलं, पोरगी दमली.

चष्मा आला. त्या सकाळी बाईंनी तांदूळ निवडायला घेतले आणि दाणा न् दाणा वेगळा दिसला. एक टोका किडा सापडला. तो त्यांनी अलगद पानावर घेऊन परसात सोडला. भात वाफाळल्यावर पुन्हा पुन्हा पाहिला. भात निर्मळ होता.

दोघी सोवळ्यात, कलश घेऊन दारात उभ्या राहिल्या. "नमोस्तु, नमोस्तु. अत्र तिष्ठ, तिष्ठ."

महाराज आले. थबकले. पलीकडच्या दारातून राजमतीकाकू मान लांब करून बघत होत्या.

पाय धुऊन झाले, मन-वचन-कायेची शुद्धी बोलून झाली. महाराजांनी ओंजळ पुढं केली. पहिला घास बाईंनी घातला. त्यात काही निघालं नाही. दुसरा घास गेला, तिसरा गेला. बाईंचा जीव जरा खाली पडला.

मग प्राची भात घेऊन पुढं झाली. तिचा हात ओंजळीपाशी आला. बाईंना आता जवळचं लख्ख दिसत होतं. प्राचीची नजर भातावर नव्हतीच. ती महाराजांच्या चेहऱ्यावर होती. आणि तिच्या अंगठ्यात अन् बोटात एक लांब, काळाभोर केस धरलेला होता.

बाईंनी तिचं मनगट धरलं. आणि दीक्षेनं सगळी नाती सुटल्यावर जो शब्द तोंडून निघायला नको होता, तोच निघाला.

"प्राची, नको गं. आज तरी जेवू दे माझ्या लेकाला."