सारवलेल्या अंगणात

सोमवारचा उपास होता. तुळशीला पाणी घालून मोतीबाई वळल्या, तर कडाव गावातल्या त्यांच्या ताज्या सारवलेल्या अंगणात ओली पावलं उमटलेली. डाव्या पायाला करंगळी नाही, म्हणजे लेकाचीच, कमलेशची. पण तो तर अलिबागकडे, समुद्रकाठच्या आपल्या चार खोल्यांच्या हॉटेलात.

त्यांनी घाईघाईनं फोन लावला. “कुठं हायस रं?”

“किनाऱ्यावर. पाव्हण्यांसाठी कोळीवाड्यातनं मासळी आणाया चाललोय.” कमलेश हसला. “आई, गंमत ऐक. ओल्या वाळूत चालतोय, पन माझी पावलंच उमटत नाय गं!”

मोतीबाईंच्या हातातला तांब्या कलंडला. “म्हादेवा! हाय तिथंच उभा रहा, लेकरा. हलू नको.”

“उभाच हाय गं.”

मोतीबाईंच्या डोळ्यांदेखत सारवणात आणखी एक पाऊल रुतलं, विहिरीकडे वळलेलं.